यंत्रावरच्या भरतकामासाठी बॅकिंग आणि धागा

भरतकामाच्या यंत्राची सुई मिनिटाला सहाशे ते आठशे वेळा कापडात शिरते आणि प्रत्येक टाका कापडाला किंचित आत ओढतो. एका टाक्याची ओढ नगण्य असते. पण शर्टाच्या खिशावर बसणाऱ्या साध्या बोधचिन्हातही पाच-सहा हजार टाके असतात आणि तेवढ्यांची ओढ एकट्याने सोसेल असे कापड क्वचितच मिळते. म्हणून कापडाखाली आधाराचा एक थर धरला जातो. घरगुती यंत्रावर काम करणारे त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. कारखान्यात तो बॅकिंग किंवा नुसता ‘पेपर’ असतो.

हा थर आणि वरचा धागा, या दोन्हींची निवड बहुधा डिझाइन पाहून केली जाते. ती कापड पाहून, आणि त्याहीपेक्षा ते कापड पुढे कसे धुतले जाणार आहे हे पाहून व्हायला हवी. फ्रेममध्ये ताणलेले असताना कोणतेही भरतकाम सुरेख दिसते. फ्रेम सुटली, पहिली धुलाई झाली, इस्त्री फिरली, की काम किती टिकाऊ आहे ते कळते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली इथल्या घरगुती व्यावसायिकांकडे येणारी कामे पाहिली की हे पटते. जूनमध्ये शाळांच्या गणवेशांवरची बोधचिन्हे, गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचे झब्बे आणि मंडळांचे टी-शर्ट, पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी उपरणी, लग्नसराईत पैठणीचे ब्लाउज आणि रुखवतातले टॉवेल, वर्षभर बारशाची झबली. गणवेश रोज धुतला जातो, पैठणीच्या ब्लाउजला सहसा पाणी लागत नाही, पथकाचा पांढरा झब्बा गुलालाने माखतो आणि मग ब्लीचमध्ये बुडतो. डिझाइन तेच असले तरी या तिन्हींचा पेपर वेगळा असतो आणि धागाही वेगळा असू शकतो.

पेपर निवडताना पहिली परीक्षा हातानेच करावी. कापड दोन्ही हातांत धरून आडवे, उभे आणि तिरके ओढावे. होजिअरीचा टी-शर्ट, लायक्रा मिसळलेली कुर्ती, स्वेटर अशी ताणली जाणारी कापडे असतील तर कट-अवे, म्हणजे जादाचा भाग कात्रीने कापून टाकायचा आणि टाक्यांखालचा भाग कायम ठेवायचा पेपर लागतो. तो फाटत नाही आणि विरघळतही नाही. कपडा जितके दिवस वापरात आहे तितके दिवस तो टाक्यांना धरून राहतो. टी-शर्टसाठी साधारण ६० ते ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा कट-अवे पुरतो. अंगावर फिकट आणि पातळ टी-शर्ट असेल तर पेपराचा चौकोन बाहेरून दिसतो. तिथे जाळीसारखा विणीचा दिसणारा, पातळ आणि मऊ मेश कट-अवे घ्यावा. पेपर कापताना टाक्यांपासून पाच-सहा मिलिमीटर अंतर सोडावे आणि कोपरे गोल करावेत. टोकदार कोपरा अंगाला टोचतो.

मंडळांच्या टी-शर्टच्या कामात सर्वात जास्त चूक इथेच होते. फाडून काढता येणारा पेपर वापरला की काम झटपट उरकते, कात्री लावावी लागत नाही. फ्रेममधून काढताना टी-शर्ट छानही दिसतो. दोन धुलायांनंतर मात्र अक्षरांभोवती चुण्या पडतात आणि गोल बोधचिन्ह अंडाकृती होते, कारण टाक्यांच्या खाली आता धरून ठेवणारे काहीच उरलेले नसते.

टेरीकॉट, पॉप्लिन, डेनिम, जाड सुती कापड अशी न ताणली जाणारी कापडे असतील तर टिअर-अवे, म्हणजे काम झाल्यावर फाडून टाकायचा पेपर चालतो. गणवेशाच्या खिशाला ४० ते ५० जीएसएमचा एक थर बहुतेक वेळा पुरेसा होतो. बहुतेक टिअर-अवे एका दिशेने सहज फाटतात आणि दुसऱ्या दिशेने अडतात. म्हणून दोन थर घालायचे असतील तर एक उभा, एक आडवा ठेवावा. फाडताना एका हाताच्या बोटांनी टाके दाबून धरावेत आणि एकेक थर वेगळा फाडावा. डिझाइन फार दाट असेल, मोठा भरीव भाग असेल, तर कापड न ताणणारे असूनही कट-अवेच योग्य. टिअर-अवेमध्ये सुईच्या छिद्रांची ओळ पडत गेली की तो काम अर्धे असतानाच सुटू लागतो; त्याचा परिणाम म्हणून भरीव भाग आणि त्याची कड यांच्यामध्ये फट दिसते. ही फट पंचिंगची, म्हणजे संगणकावर टाके आखण्यातली, चूक आहे असे समजून डिझाइन बदलत बसणारे पुष्कळ आहेत. आधी पेपर बदलून पाहावा.

तिसरा प्रकार पाण्यात विरघळणारा. त्याची दोन रूपे बाजारात येतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. एक पातळ, पारदर्शक, प्लास्टिकसारखी फिल्म. ती प्रामुख्याने कापडाच्या वर ठेवायची असते. सोलापुरी टेरी टॉवेलवर नाव भरताना वर ही फिल्म नसेल तर टाके उंच फंदांमध्ये बुडतात आणि अक्षरांतून टॉवेलचे फंद डोकावतात. काम झाल्यावर फिल्म हाताने ओढून काढावी, कोपऱ्यांत अडकलेले तुकडे ओल्या बोळ्याने पुसावेत. दुसरे रूप कापडासारखे दिसते, तंतूंचे असते आणि फिल्मपेक्षा बरेच मजबूत असते. नेट, ऑर्गन्झा यांच्या ओढण्या आणि कापडाविना उभी राहणारी लेस यांना हेच लागते. लेससाठी त्याचे दोन थर घ्यावेत. अशा लेसमध्ये खालचा धागाही वरच्याच रंगाचा हवा, कारण तिला उलटी बाजू नसते. लेस धुताना सगळा पेपर काढून टाकू नये. थोडा अंश राहू दिला तर वाळल्यावर तिला कडकपणा येतो.

पाणी ज्याला चालत नाही अशा कापडाखाली पाण्यात विरघळणारा पेपर घालणे ही उघड चूक वाटते, तरी ती रेशमी ब्लाउजवर होते. ओल्या बोळ्यानेही रेशमावर डाग उमटू शकतो.

पैठणीच्या ब्लाउजचे काम वेगळेच असते, म्हणून त्याचा विचार जरा सविस्तर करावा लागतो. भरतकाम शिवलेल्या ब्लाउजवर करू नये. ब्लाउजपीस कापण्यापूर्वी, गळ्याची आणि बाहीची रेषा खडूने आखून, भोवती फ्रेम धरण्याइतके कापड सोडून करावे. तलम रेशमाच्या पाठीला आधी हलके, विणीचे फ्युजिंग मंद इस्त्रीने चिकटवावे, म्हणजे विणीतले धागे सुईबरोबर सरकत नाहीत. इस्त्रीची परीक्षा कापडाच्या कडेच्या तुकड्यावर घ्यावी. त्याखाली मऊ मेश कट-अवे ठेवावा. ब्लाउजला अस्तर असतेच, त्यामुळे हा थर अस्तर आणि कापड यांच्यामध्ये झाकला जातो आणि अंगाला लागत नाही. काठाच्या जरीवर दाट भरतकाम टाळावे. सुई जरीच्या धाग्यांवर आदळली की ती तुटते किंवा जरीच कापली जाते. मोर, कोयरी, नथ जे काही भरायचे ते काठाला खेटून, काठावर नव्हे.

खणाचे ब्लाउज सुती असोत वा पॉलिएस्टरचे, त्यांची अडचण दुसरी. खणाच्या विणीत आधीच बारीक नक्षी असते आणि तिच्यावर बारीक अक्षरे हरवतात. तिथे अक्षरांखाली आधाराचे टाके भरपूर घालावेत आणि कापडाच्या दोन्ही रंगांपासून वेगळा उठेल असा धागा घ्यावा.

मखमल आणि कॉर्डरॉय फ्रेममध्ये आवळल्या तर गोल खूण उमटते आणि ती सहसा जात नाही. अशा वेळी फक्त पेपर फ्रेममध्ये धरावा आणि कापड त्यावर चिकटवावे. त्यासाठी एका बाजूला गोंद असलेला पेपर मिळतो, किंवा तात्पुरत्या चिकटपणाचा स्प्रे वापरता येतो. स्प्रे यंत्रापासून दूर, शक्यतो गॅलरीत मारावा; हवेत उडालेला गोंद यंत्राच्या भागांवर बसला की नंतर तो काढणे जिकिरीचे होते. गोंदाचा पेपर वापरताना सुई अधूनमधून पुसावी.

बारशाच्या झबल्यांसाठी मलमल किंवा मऊ होजिअरी येते. तिथे हलके, उघडे डिझाइन आणि मेश कट-अवे हीच जोडी योग्य. काम झाल्यावर आतल्या बाजूने मऊ फ्युजिंगचा तुकडा चिकटवून टाके झाकून टाकावेत. बाळाच्या कातडीला बॉबिनच्या गाठी आणि कापलेली टोके लागतात, आणि ते कपड्याच्या सुलट बाजूवरून कोणाला दिसत नाही.

पैसे वाचवण्यासाठी घरातल्या वस्तू पेपराऐवजी वापरल्या जातात. त्यातल्या काही चालतात. मांजरपाटाचा तुकडा आधी धुऊन, आटवून, उभ्या-आडव्या धाग्याला सरळ धरून घातला तर न ताणणाऱ्या कापडाखाली तो कट-अवेचे काम करतो. बकरम मात्र खळीमुळे कडक असते. धुतल्यावर खळ निघून जाते आणि आधारही जातो, शिवाय ते आटले तर वरचे काम चुरगळते. वर्तमानपत्राची शाई सुईबरोबर वर येते, विशेषतः पांढऱ्या कापडावर. कॉलरसाठीचे जाड फ्युजिंग भरतकामाखाली नकोच.

आता धागा. यंत्रावरच्या भरतकामात दोन धागे चालतात, वरचा आणि बॉबिनमधला, आणि दोघांची कामे इतकी वेगळी आहेत की दोन्हीकडे एकच धागा लावणे फक्त लेससारख्या दुतर्फी कामातच शोभते. बॉबिनचा धागा वरच्यापेक्षा बारीक हवा, साधारण ६० किंवा ९० वेटचा. तो पांढरा किंवा काळा असला की बहुतेक कामे भागतात. शिवणकामाचा जाड रीळ बॉबिनमध्ये भरला तर पाठीमागे टाक्यांचा ढीग होतो आणि कापड ताठ पडते.

वेट म्हणजे काय हे समजले की दुकानात फसगत होत नाही. ४० वेटचा धागा म्हणजे ज्याची सुमारे ४० किलोमीटर लांबी एक किलो भरते तो. आकडा वाढला की धागा बारीक होतो. डेनियर याच्या उलट चालतो: ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर, त्यामुळे आकडा वाढला की धागा जाड. रिळावर ‘१२०डी/२’ लिहिलेले असते तेव्हा त्यात १२० डेनियरचे दोन पदर पिळलेले असतात; एकूण २४० डेनियर, म्हणजेच जवळजवळ ४० वेट. बहुतांश तयार डिझाइन याच जाडीसाठी केलेली असतात आणि त्यात टाक्यांमधले अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर धरलेले असते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरे भरायची असतील तर ६० वेटचा धागा आणि ६५/९ क्रमांकाची सुई घ्यावी. ४० वेटच्या धाग्याने ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्या आतली पोकळी भरून जाते आणि जोडाक्षर वाचता येत नाही. देवनागरी अक्षरांना रोमन अक्षरांपेक्षा हा त्रास जास्त होतो, तो बऱ्याच डिझाइनकर्त्यांच्या लक्षात येत नाही.

शिवणकामाच्या धाग्यावरही १२० हा आकडा सापडतो, पण तो तिकीट नंबर असतो. जाडीत फारसा फरक नसला तरी शिवणाचा धागा आखूड तंतू कातून केलेला असतो; त्याला तूस असते आणि चकाकी नसते. भरतकामाचा धागा अखंड, लांब तंतूंचा असतो, म्हणून त्यावर प्रकाश सरळ परततो.

या अखंड तंतूशी कल्याण परिसराचे जुने नाते आहे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये व्हिस्कोस फिलामेंट यार्न बनते, आणि शेजारच्या मोहने येथील एनआरसी हा रेयॉनचा दुसरा मोठा कारखाना २००९ मध्ये बंद पडेपर्यंत चालू होता. भरतकामाचा रेयॉन किंवा व्हिस्कोस धागा अशाच तंतूला पीळ देऊन आणि रंगवून तयार होतो. त्याची चकाकी मऊ, रेशमासारखी असते, तो कमी ताणला जातो आणि यंत्रात गुणी चालतो. पण व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, आणि क्लोरीनच्या ब्लीचने त्याचा रंग उडतो.

पॉलिएस्टर धागा दिसायला किंचित अधिक चमकदार, थोडा काचेसारखा. तो ओला झाल्याने कमकुवत होत नाही, ऊन आणि ब्लीच पुष्कळ सोसतो. गणवेश, झब्बे, टी-शर्ट, टॉवेल, हॉटेल किंवा रुग्णालयाचे कपडे यांना निःसंशय पॉलिएस्टरच लावावा. त्याचा एक दोष आहे: तो ताणला जातो. ताण जास्त ठेवून भरला तर फ्रेममध्ये सपाट दिसतो आणि सुटल्यावर आक्रसून कापडाला चुण्या पाडतो. म्हणून पॉलिएस्टरसाठी वरचा ताण जरा सैल ठेवावा, आणि त्यावर थेट कडक इस्त्री न फिरवता कपडा उलटा करून इस्त्री करावी. पैठणीच्या ब्लाउजसाठी, भिंतीवरच्या फ्रेमसाठी, गुढीच्या वस्त्रासाठी, म्हणजे जे क्वचित धुतले जाणार त्यासाठी, व्हिस्कोसची चमक पाहण्यासारखी असते आणि तिथे पॉलिएस्टरचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

लाल, मरून आणि गडद निळ्या धाग्याची रंग सोडण्याची परीक्षा ऑर्डर घेण्याआधी करावी. हातभर धागा पांढऱ्या सुती चिंधीत गुंडाळून साबणाच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटे ठेवावा आणि ओलाच दाबून पाहावा. चिंधी गुलाबी झाली तर तो रीळ पांढऱ्या झब्ब्याजवळ नेऊ नये.

जरीचा धागा सगळ्यात जास्त छळतो. यंत्रावर चालणाऱ्या जरीत नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या गाभ्यावर धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली असते. ती सुईच्या नाकात घासली की सोलते, आणि रिळावरून उतरताना पीळ पडला की गाठ होते. यावर उपाय ठरलेले आहेत. सुई ९०/१४ क्रमांकाची आणि मोठ्या नाकाची, वरचा ताण कमी, वेग निम्म्यावर, धाग्याचा कोन (शंकूच्या आकाराचा मोठा रीळ) यंत्रापासून दोन-तीन फूट दूर, म्हणजे वाटेत पीळ सुटतो. डिझाइनही जरीसाठी मोकळे हवे, टाके जरा लांब आणि थर कमी. पारंपरिक पद्धतीने धातूच्या तारेची केलेली, हातभरतकामासाठीची जरी सुईत घालूच नये. ती कापडावर ठेवून वरून बारीक धाग्याने टाचण्यासाठी असते.

४० वेटच्या धाग्याला ७५/११ ची सुई बहुतेक ठिकाणी जमते. होजिअरीला बोथट टोकाची बॉलपॉइंट घ्यावी, म्हणजे फंद न तुटता बाजूला सरतो. रेशीम आणि टेरीकॉटला तीक्ष्ण. घरगुती यंत्रांच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो आणि बहुसंख्य औद्योगिक यंत्रांच्या सुईचा गोल, त्यामुळे जुनी सुई सोबत नेऊनच नवी घ्यावी. धागा वारंवार तुटू लागला की धाग्याला दोष देण्याआधी सुई बदलावी.

किती धागा घ्यावा याचाही हिशेब आहे. हजार टाक्यांना वरचा धागा साधारण साडेपाच मीटर लागतो, बॉबिनचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. सहा हजार टाक्यांचे बोधचिन्ह दोनशे झब्ब्यांवर भरायचे असेल आणि ते एकाच रंगाचे असेल तर सुमारे ६६०० मीटर धागा हवा, म्हणजे पाच हजार मीटरचे दोन कोन. दोन्ही एकाच वेळी, एकाच रंगणीचे घ्यावेत. निम्म्यावर संपल्यावर आणलेला तोच क्रमांक पहिल्याशी तंतोतंत जुळेल याची खात्री नसते. खिसे, टोप्या किंवा टी-शर्टच्या कापडासाठी उल्हासनगर जवळ पडते. धाग्यांच्या छटा आणि जरी यांची मोठी निवड मात्र मुंबईत भुलेश्वरच्या बाजूला मिळते. तिथे जाताना कापडाचा तुकडा न्यावा आणि रंग दुकानातल्या दिव्याखाली न जुळवता दाराशी येऊन उजेडात जुळवावा.

सगळी निवड झाल्यावर त्याच कापडाच्या तुकड्यावर, त्याच पेपरावर, त्याच धाग्याने एक नमुना काढावा. उलट बाजूला साटीन टाक्याच्या रुंदीत मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या धाग्याचा दिसावा आणि दोन्ही कडांना वरचा रंग. बॉबिनचा धागा सुलट बाजूला डोकावत असेल तर वरचा ताण जास्त आहे. उलटीकडे तो दिसतच नसेल तर वरचा ताण कमी. ताण बरोबर असूनही भोवती चुण्या असतील तर पेपर कमी पडतो आहे, किंवा कापड फ्रेममध्ये धरताना ताणले गेले आहे. फ्रेममध्ये कापड सपाट हवे, ताणलेले नको. ताणलेले कापड सुटल्यावर मूळ मापाला परत येते, टाके येत नाहीत. मग नमुना धुवावा, वाळवावा, इस्त्री करावी आणि पुन्हा पाहावा. मोठ्या ऑर्डरमध्ये हा धुतलेला नमुना गिऱ्हाइकाला दाखवून होकार घेणे दोघांच्याही सोयीचे.

पावसाळ्यात या सगळ्यात हवेतल्या दमटपणाची भर पडते. जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे आणि डोंबिवलीच्या हवेत पाण्यात विरघळणारी फिल्म सैल पडते, बोटांना चिकटते आणि कधी यंत्राच्या पायाखाली ओढली जाते. तिची गुंडाळी हवाबंद पिशवीत ठेवावी आणि लागेल तेवढाच तुकडा कोरड्या हातांनी काढावा. फार कोरड्या हवेत हीच फिल्म ठिसूळ होऊन तडकते, म्हणून हिवाळ्यातही पिशवी उघडी ठेवू नये. सुती कापड दमट हवेत ओलावा धरते आणि वाळल्यावर किंचित आटते; फ्रेममध्ये धरण्यापूर्वी त्यावर इस्त्री फिरवून घ्यावी आणि थंड झाल्यावरच काम सुरू करावे. धाग्याचे कोन खिडकीपासून दूर, झाकणाच्या डब्यात ठेवावेत. जुना व्हिस्कोस किंवा सुती धागा वापरण्याआधी हातभर काढून झटका देऊन पाहावा. सहज तुटला तर यंत्रात टिकणार नाही. पेपराचे उरलेले तुकडे प्रकार लिहून वेगळे ठेवावेत, कारण पातळ कट-अवे आणि टिअर-अवे पाहून ओळखणे कठीण असते. चिठ्ठी हरवलीच तर कोपरा फाडून पाहावा: सरळ फाटला तर टिअर-अवे, नुसता ताणला तर कट-अवे, आणि पाण्याच्या थेंबाने भोक पडले तर तो विरघळणारा.